पुढचं गाणं कुणाचं?

माणसाला कोणत्या वयात कसला नाद लागेल याचा नेम नाही. आमच्या बरोबरीची काही मंडळी निवृत्त झाल्यावर ज्ञानेश्वरीकडे वळली, काही शेअर बाजाराकडे; यथावकाश दोघांनाही वैराग्य आलं. मला जुनी गाणारी यंत्रं घरी आणून दुरुस्त करण्याचा नाद लागला, आणि वैराग्य आलं ते घरच्या मंडळींना. सुरुवात चावीच्या फोनोपासून झाली. मग व्हॉल्व्हचे रेडिओ आले. शेवटी, ज्याच्यासाठी ओसरीवरचा झोपाळा काढावा लागला, तो ज्यूकबॉक्स आला.

ज्यूकबॉक्स म्हणजे कपाटाएवढं एक यंत्र. काचेआड तबकड्यांची रांग उभी असते. फटीत नाणं टाकायचं, आकड्याचं बटण दाबायचं, की आतली गाडी रांगेवरून सरकत जाते, हवी ती तबकडी बाहेर काढते आणि सुई टेकते. मुंबईच्या इराणी हॉटेलांतून एकेकाळी हे यंत्र दिसायचं. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारचं नाव तर भिंतीवरच्या मारिओ मिरांडांच्या चित्रांइतकंच ज्यूकबॉक्समुळे झालं. मी ते प्रथम पाहिलं १९७४ साली. मुलाखतीसाठी वसमतहून मीटरगेजने निघालो, मनमाडला गाडी बदलली आणि मुंबईला एका इराण्याकडे चहा प्यायलो. नोकरी मिळाली नाही, पण हे दुखणं तेवढं बरोबर घेऊन आलो. पुढे चाळीसेक वर्षांनी चोरबाजारात तसंच एक यंत्र मोडक्या अवस्थेत दिसलं आणि दुखणं उलटलं.

आमच्या वसमतला असलं काही कधी नव्हतं. वसमत म्हणजे हळद. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा हळदीच्या गावात टेंपोतून हे धूड उतरलं, तेव्हा हळद शिजवायचा नवीन कुकर आला असेल या समजुतीने चार शेतकरी भाव विचारून गेले. "कामून आणलं हो गुरुजी हे?" हा त्यांचा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्यापाशी तेव्हाही नव्हतं. सौभाग्यवतींनी मात्र दिलं. "लोक घरात हळद साठवतात," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे भंगार असतं."

दुरुस्ती सुरू झाली. आतलं लाकूड वाळवीने खाल्लेलं, ते बदललं. स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्लेला, तो बदलला. अँप्लिफायरमधले कंडेन्सर वाळून गेलेले. असल्या जुन्या यंत्राला आल्याआल्या प्लगात लावायचं नसतं, आधी कंडेन्सर बदलायचे असतात. नाहीतर गाण्याऐवजी धूर ऐकावा लागतो. मोटर तर मुळात गायबच होती. मोठ्या खटपटीने जी मिळाली ती अमेरिकन निघाली. तिकडची वीज एकशेवीसच्या आसपास व्होल्टची, आपली दोनशे तीसची. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर आणला. पण तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते आणि आपली पन्नास, हे ट्रान्सफॉर्मरला कोण सांगणार? मोटर त्या हिशेबाने मंद फिरली. पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी साडेसदतीस फेऱ्यांत भागवू लागली आणि लताबाईंच्या गळ्यातून भलताच एक खिन्न गृहस्थ गाऊ लागला.

यावर उपाय एकच होता. मोटरच्या दांड्यावरची पुली पाचव्या हिश्शाने मोठी करायची. ते काम आमच्या लेथवाल्या चाचांनी केलं. त्यांचा हात ट्रॅक्टरच्या आणि हळद पॉलिश करायच्या ढोलाच्या कामावर बसलेला. पुली बसवली, आवाज सरळ झाला. चाचांनी हात पुसले, यंत्राकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, सब तो नया डाल दिए. अब इसमें पुराना क्या रह गया जी?"

झालं! तत्त्वज्ञान हे असं अंगावर येतं. चाचांनी मजुरी घेतली चाळीस रुपये आणि प्रश्न टाकून गेले तो जन्माचा.

मी आधी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, भाग बदलले म्हणून काय झालं? आमच्या वाड्याचे दरवाजे बदलले, पत्रे बदलले, मागची भिंत पडली ती बांधली, तरी पोस्टमन वाडाच म्हणतो. माझे स्वतःचे दात आणि एका डोळ्याचं भिंग ही मूळची नाहीत. तरी पेन्शन माझ्याच नावाने येते. तेव्हा जुनेपण काही सुट्या भागांत नसतं.

मग ते दिसण्यात असतं का? चोरबाजारात पितळी कर्ण्याचे फोनो ओळीने मांडलेले दिसतात. चकचकीत कर्णा, पेटीवर कुत्र्याचं चित्र. त्यांतले कितीतरी अलीकडेच जुळवलेले असतात. कर्णा नवा, पेटी नवी, चित्र तर सगळ्यांत नवं. दिसायला ते माझ्या खऱ्या फोनोपेक्षा शंभरपट जुने दिसतात! पुढारी आणि बनावट फोनो यांना जुनेपणाचा थाट असली मालापेक्षा चांगला जमतो.

पण मग मीही माझ्या कपाटाला पॉलिश मारलंच होतं. माझं पॉलिश ते जीर्णोद्धार आणि त्यांचं ते लबाडी, हे कुठल्या न्यायाने? या ठिकाणी मला हळदीने मदत केली. हळद शिजवतात, वाळवतात आणि ढोलात घालून फिरवतात. वरची खरबरीत साल निघते, आतला रंग दिसू लागतो. याला लबाडी कोणी म्हणत नाही. मोंढ्यात उलट दोन पैसे जास्त देतात. पण त्याच हळदीला वरून पिवळा रंग फासला, की ती भेसळ. जे मुळात आहे त्याच्यावरचं काढणं म्हणजे पॉलिश, जे नाही ते वर चढवणं म्हणजे रंग. एवढा विवेक बहुतेक संसारांनाही पुरतो.

म्हणून मी ठरवलं, यंत्रात जे होतं तेवढंच परत आणायचं. शंभर गाणी लागायची सोय होती. सीबर्ग कंपनीने १९४८ साली हे शंभराचं प्रकरण काढलं, पन्नास तबकड्या दोन्ही बाजूंनी वाजवून. त्याआधीच्या बहुतेक यंत्रांत वीस-चोवीस गाण्यांतून निवडावं लागे. माझंही यंत्र त्याच घराण्यातलं. मी पन्नास तबकड्या भरल्या, दिवे लावले, आरामखुर्ची घेतली आणि एकामागून एक माझ्या आवडीची गाणी लावत बसलो.

तिसऱ्या दिवशी कंटाळा आला.

हे फार चमत्कारिक होतं. यंत्र उत्तम, आवाज उत्तम, गाणी सगळी मीच निवडलेली. मग त्या इराण्याकडच्या चहासारखं का लागत नव्हतं? विचार करता करता लक्षात आलं, की त्या दिवशी हॉटेलात मी एकही गाणं लावलं नव्हतं. खिशात तेवढे पैसेच नव्हते. मी ऐकली ती सगळी दुसऱ्यांची गाणी. एका टॅक्सीवाल्याचं, एका कॉलेजकुमाराचं आणि एका टोपीवाल्या शेठजींचं. त्यांच्याकडून मी इतक्या हळव्या गाण्याची अपेक्षाच केली नव्हती.

ज्यूकबॉक्सची सगळी नीती या एका गोष्टीत आहे. नाणं एकाचं, कान सगळ्यांचे. पैसे देऊन तुम्ही गाणं विकत घेता, पण एकट्यासाठी नाही. आणि ते संपलं की मुकाट्याने दुसऱ्याचं ऐकता. याचा काहींना जाच होई. १९५०च्या दशकात अमेरिकेत ज्यूकबॉक्ससाठी चक्क कोऱ्या तबकड्या निघाल्या होत्या. नाणं टाका आणि तीन मिनिटं शांतता घ्या! हे मी घरात सांगितलं तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "मग ती आणा ना आधी."

गंमत अशी, की या यंत्राचा मूळ पुरुष असा नव्हताच. १८८९ साली २३ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दारूगुत्त्यात लुई ग्लास नावाच्या माणसाने नाणं टाकून वाजणारा फोनोग्राफ ठेवला. त्याला चार नळ्या होत्या. ज्याने नाणं टाकलं त्याने नळी कानाला लावायची, बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहायचं. नळी पुसायला टॉवेल ठेवलेला असे. पुढे विजेवर आवाज मोठा करायची युक्ती निघाली आणि गाणं कानातून निघून खोलीत आलं. आता आमचा नातू कानात बोंडं घालून बसतो, म्हणजे सव्वाशे वर्षांचा फेरफटका मारून आपण पुन्हा नळीपाशी आलो. टॉवेल तेवढा गेला.

तेव्हा चाचांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, आणि ते काही फार सोयीचं नव्हतं. यंत्रातला जो भाग खरोखर हरवला होता, तो कुठल्याच बाजारात मिळणारा नव्हता. दुसऱ्याचं गाणं! ते बसवल्याशिवाय माझा ज्यूकबॉक्स म्हणजे नुसतं महागडं कपाट होतं.

मी ओसरीचं दार उघडं ठेवलं आणि संध्याकाळी कोणीही यावं असं जाहीर केलं. नाणं मात्र टाकलंच पाहिजे. चार आण्यांची फट होती आणि पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून सरकारने चलनातून काढलेलं. पण आमच्या गावाला याचं नवल नाही. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब करता करता आमचे आजोबा म्हातारे झाले. एका राज्याचं नाणं दुसऱ्या राज्यात चालत नाही, एवढाच याचा अर्थ. ओसरीवर माझं राज्य. घरातली सगळी पावली मी एका वाटीत घातली. प्रत्येकाला संध्याकाळी दोन नाणी, मलाही दोनच. माझ्या घरात, माझ्या यंत्रावर, माझ्या विजेच्या बिलावर मला दोन गाणी! मालकी आणि हक्क यांत काय फरक आहे, हे मला कायद्याच्या पुस्तकाने एवढं स्पष्ट सांगितलं नसतं.

लोक येऊ लागले. समोरच्या मावशी रोज एकच अभंग लावत. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही नाणी टाकून एकच आकडा दोनदा दाबला, आणि अभंग एकदाच वाजला. मावशी संतापल्या. "बाबा, तुझी मशीन देवालाबी फसवती की." मग मला सांगावं लागलं, की या यंत्राला कोणी किती नाणी टाकली हे ठाऊक नसतं. आकड्यावर खूण पडते. गाडी रांगेवरून जाताना खुणेची तबकडी वाजवते आणि खूण पुसते. आधी आला त्याचं आधी, असंही नाही. वाटेत ज्याची तबकडी आली त्याचं आधी. वशिला चालत नाही, घाईही चालत नाही. एवढं निःपक्षपाती आचरण मी गावात दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता जे सांगायचं ते जरा नाजूक आहे. आमचे चुलतबंधू शेजारीच राहतात. मधल्या बोळाचा दावा एकोणीस वर्षं चालू आहे. तेवढी वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. आमच्या वतीने वकील बोलतात, आणि बोलण्याचे पैसे घेतात. एका संध्याकाळी हे गृहस्थ ओसरीची पायरी चढले. माझ्याकडे न पाहता त्यांनी वाटीतून दोन नाणी घेतली. जाहीर केलं होतं "कोणीही", तेव्हा तोंड बंद ठेवणं भाग होतं. ते रोज येऊ लागले. माझं गाणं लागलं की ते छताकडे पाहत आणि त्यांचं लागलं की मी. दुसऱ्याचं गाणं ऐकल्याने मनं जुळतात वगैरे जे म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका. मी त्यांची पन्नास-साठ गाणी ऐकली आणि दाव्यातला एक इंचही सोडला नाही.

पण परवा त्यांनी एक आकडा दाबला, आणि थोड्या वेळाने मीही उठून माझा दाबला. तलत महमूदची तबकडी बाहेर आली, वाजली, परत जागेवर गेली. गाडी पुढे सरकली आणि रांगेच्या टोकाला जाऊन थांबली. दुसरं गाणं लागलंच नाही. आम्ही दोघेही वाट पाहत राहिलो. मग त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. आतल्या पेटीत नाणी दोन पडली होती, गाणं वाजलं होतं एक.

ते गाणं कुणाचं, याचा निकाल कुठल्याही कोर्टात लागणार नाही. बोळाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकिलांनी जय्यत तयारी केली आहे. मला फक्त एवढीच धास्ती वाटते, की हे गृहस्थ समोरच्या बाजूला उभे राहतील, वकील हद्दीबद्दल बोलू लागतील, आणि नेमकं तेव्हाच माझ्या डोक्यात ते गाणं सुरू होईल. आणि त्यांच्या डोक्यात सुरू झालं असलं, तर ते तोंडावर दिसेल.