पुस्तक कोणाच्या जिवावर?

यंदाच्या एका परिसंवादात एका खपाऊ कादंबरीकाराने जाहीर करून टाकलं, की मराठी प्रकाशक ही जमात संपलेली आहे, फक्त तिला कोणी कळवलेलं नाही. सभागृहात हशा आणि टाळ्या. व्यासपीठावरचे एक प्रकाशकही टाळ्या वाजवत होते. ते लेखकाकडून पैसे घेऊनच पुस्तकं काढतात, तेव्हा त्यांच्या टाळ्या मनापासूनच्या असणार.

कादंबरीकारांचा मुद्दा साधा होता. मजकूर आपला, छपाई हवी तेवढ्या प्रतींची होते, विक्रीला अ‍ॅमेझॉन आहे, वाचक फेसबुकवर आहेत. मग मध्ये हा दलाल कशाला? त्यांची स्वतःच काढलेली ताजी कादंबरी मी वाचली आहे. तिसऱ्या प्रकरणात नायकाची आत्या वारते आणि अकराव्या प्रकरणात पुरण वाटायला बसते. जादुई वास्तववाद म्हणावं, तर आत्याला स्वतःलाच त्याचा पत्ता नाही. दलाल नसला की काय होतं, याचा हा पुरावा लेखकानेच स्वखर्चाने छापून वाटला.

आमच्या पिढीला ‘नाही’ म्हणणारी माणसं ठाऊक होती. गिरगावातल्या खटाववाडीत ‘मौज’च्या कचेरीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक बसत. त्यांचं ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडलं, पण तिथून परत आलेल्या कथेबरोबरच्या पत्राच्या आठवणी लेखक अजून सांगतात. छापलेल्या कथेपेक्षा नाकारलेल्या कथेची आठवण जास्त जपून ठेवायची, हा प्रकार जगात इतरत्र असेलसं वाटत नाही. माझ्याही एका कथेवर एका संपादकाने पहिल्या दोन पानांवर शिसपेन्सिलीने आडवी रेघ मारून तिसऱ्या पानाच्या समासात लिहिलं होतं : ‘कथा इथे सुरू होते.’ त्या दोन पानांत पाऊस होता, आजोळ होतं, चिंचेचं झाड होतं. मी आठवडाभर चरफडलो आणि मग दोन्ही पानं फाडून टाकली. असा माणूस पैसे देऊन मिळत नाही. पैसे दिले, की तोच माणूस ‘पाऊस सुंदर उतरलाय’ म्हणतो.

इथवर लिहून थांबलो असतो, तर कादंबरीकारांचा हिशेब चुकता झाला असता. पण जोतीराव फुले आडवे येतात, आणि त्यांना वळसा घालून पुढे जाता येत नाही.

१८५५ साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कमिटीने ते नाकारलं. नाटक छापून आलं १९७९ साली. तेव्हा जोतीरावांना जाऊन नव्वदाच्या जवळ वर्षं झाली होती. त्या नकारात समासातली पेन्सिल नव्हती. भटजी-जोशी कुणब्याला नाडतात हे नाटकात होतं, आणि ज्यांचा कमिटीवर दाब होता त्यांना ते सोसवणारं नव्हतं. पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’ त्यांनी स्वतःच काढलं. म्हणजे ज्याला आज नाकं मुरडत ‘स्वप्रकाशन’ म्हणतात, त्याच वाटेने आधुनिक मराठी गद्यातलं सर्वांत धगधगीत पुस्तक आलं. १८८५ साली ग्रंथकार सभेचं निमंत्रण आलं तेव्हा फुल्यांनी पत्र लिहून ते परतवलं. सभेला नकार कसा द्यावा याचाही वस्तुपाठ घालून दिला. १९६९ साली लघुनियतकालिकवाल्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, तेव्हा आमच्यातल्या सोज्वळ मंडळींना तो पोरकटपणा वाटला. पण जिथे आपलं माणूस कधी बसलंच नाही, त्या खुर्चीतल्या माणसाची ‘अभिरुची’ पोरांनी बिनतक्रार का मानावी?

मग प्रश्न जातीपाशी संपला म्हणावं, तर तेही नाही. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ ‘दीनबंधु’त येऊ लागला. पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, फुल्यांचे सहकारी, कामगार चळवळीचे आद्य पुढारी. दोन भाग छापून त्यांनी पुढचे थांबवले. पूर्ण पुस्तक जोतीरावांच्या हयातीत आलं नाही. परक्याचा नकार फुल्यांनी गृहीतच धरला असेल. घरच्या माणसाची माघार त्यांना जास्त झोंबली, आणि ती त्यांनी लिहूनही ठेवली. लोखंडे काही भेकड माणूस नव्हता. पण छापखाना चालवणाऱ्याच्या गळ्याशी कायदा, सरकार आणि वर्गणीदार एकदमच येतात, आणि त्या क्षणी तो काय करतो, एवढ्यावर त्याची किंमत ठरते.

म्हणून माझा प्रश्न आता बदलला आहे. नकार देणारा हवा की नको, हा वाद मी सोडून देतो. पुस्तक बाहेर पडतं तेव्हा लेखकाखेरीज आणखी कोणाचं काही पणाला लागतं का, एवढंच मी विचारतो. ह. वि. मोट्यांनी १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाचं ‘कळ्यांचे निःश्वास’ काढलं आणि बाई कोण हे न सांगता सगळा गदारोळ अंगावर घेतला. खांडेकरांची पुस्तकं काढणाऱ्या रा. ज. देशमुखांनी १९६३ साली पंचविशीतल्या नेमाड्यांची ‘कोसला’ काढली. खांडेकरांचा वाचक ती वाचून काय म्हणेल हे त्यांना कळत नव्हतं थोडंच. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली ‘ग्रंथाली’ने काढलं, म्हणजे वाचकांच्या चळवळीने. कोलटकरांची ‘जेजुरी’ १९७६ साली ‘क्लिअरिंग हाउस’ने काढली, ती तर कवींनीच मिळून चालवलेली सहकारी प्रकाशनसंस्था; कोलटकरांची मराठी पुस्तकं अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ने काढली. यातले काही धंदेवाले, काही मित्र, काही चळवळे. पण प्रत्येक वेळी पुस्तकामागे लेखकाशिवाय आणखी कोणीतरी उभं होतं.

आजच्या ‘पॅकेज’वाल्या प्रकाशकाचं काय पणाला लागतं? लेखकाकडून आधीच रक्कम घेतलेली. तिच्यात मुखपृष्ठ, पन्नास प्रती, प्रकाशन समारंभ, वर शाल आणि श्रीफळ. पुस्तक विकलं काय, न विकलं काय, त्याचा नफा फर्मे छापखान्यात जाण्याआधीच झालेला. यादीत ‘आयएसबीएन’चे वेगळे पैसे लावलेले मी पाहिले आहेत. तो क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था फुकट देते, आणि लेखक स्वतःही तो मागू शकतो. फुल्यांनी पदरमोड केली कारण दार बंद होतं. इथे दाराशी तिकीटखिडकी उघडली आहे.

जुन्या घराण्यांनी मात्र यावर गालातल्या गालात हसू नये. तीनशे रुपयांचं पुस्तक, तीनशेची आवृत्ती, दहा टक्के मानधन : सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला नऊ हजार. वितरक चाळीस-पन्नास टक्के घेतो, प्रकाशकाचंही भागत नाही, हे सगळं मान्य. मग निदान हिशेब तरी पाठवा! माझ्या एका पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाल्याचं मला एका तालुक्याच्या वाचनालयात कळलं. ग्रंथपालांनी प्रेमाने पुढे केलेल्या प्रतीवर ‘दुसरी आवृत्ती’ असं ठळक छापलेलं होतं. प्रकाशकांना फोन केला तर म्हणाले, ‘अहो सर, अभिनंदन!’

करार मागितला की आपल्याकडे संबंध बिघडतात. लेखकाला तो उद्धटपणा वाटतो आणि प्रकाशकाला अविश्वास. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं एकोणिसावं कलम या भिडेला जुमानत नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी हवं आणि त्यावर सही हवी. कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, किती मानधन हे त्यात नमूद हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. हक्क घेऊन ते वर्षभर वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते हक्कही संपतात. तेव्हा ज्यांचं पुस्तक या दिवाळीनंतर येणार आहे त्यांनी पेढे वाटण्याआधी करार मागावा, मुदत आकड्यात लिहून घ्यावी, आणि हिशेब वर्षातून कोणत्या महिन्यात मिळणार ते विचारावं. प्रकाशक चिडला, तर पुस्तक दुसरीकडे न्यावं.