घास गोड व्हायला वेळ लागतो

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



या आठवड्याच्या चिंतनाचा विषय अगदी घरचा आहे. आपण खाल्लेलं अन्न पचायला सुरुवात कुठे होते? गेल्या रविवारी बालसंस्कार वर्गात मी हा प्रश्न विचारला, तर सगळी मुलं एका सुरात म्हणाली, "पोटात!" मोठ्यांना विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं.

खरी सुरुवात तोंडात होते, आणि त्याच्याही आधी मनात. आपल्या इंदूरात सकाळी पोहे-जिलेबीच्या दुकानावरून गेलं की तोंडाला पाणी सुटतं ना? घास अजून लांब असतो, पण नुसत्या वासाने मेंदूचा निरोप लाळेच्या ग्रंथींना आणि जठराला पोचलेला असतो. पचनक्रियेच्या अभ्यासासाठी १९०४ साली नोबेल मिळालेले रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी हेच दाखवलं, की अन्न पोटात पोचायच्या आधीच पाचकरस सुटू लागतो.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते! दात घास बारीक करतात, लाळ तो भिजवते आणि तिच्यातलं अमायलेज नावाचं पाचकद्रव्य पोळी-भातातल्या स्टार्चची साखर करायला लागतं. कोरडी पोळी दोन मिनिटं सावकाश चावून बघा, हळूहळू गोड लागते. एकदा घास गिळला, की पुढचं काही आपल्या हातात नाही. सुमारे २५ सेंटीमीटरची अन्ननलिका त्याला काही सेकंदांत जठरात पोचवते. चावणं तेवढं भगवंताने आपल्याकडे ठेवलंय.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की मीच वैश्वानर अग्नी होऊन प्राण्यांच्या देहात राहतो आणि चार प्रकारचं अन्न पचवतो. चावायचं, गिळायचं, चोखायचं आणि चाटायचं असे ते चार प्रकार. आपले आजोबा-पणजोबा ताटाभोवती पाणी फिरवून, चित्राहुती घालून, पंचप्राणांच्या नावाने पाच लहान घास घेत. घास म्हणजे आहुती. मग यज्ञात समिधा कोणी भराभर फेकतं का?

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी चूक माझ्याच हातून झाली. ती आज सांगते.

माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या. गेल्या वर्षी त्यांची कवळी सैल झाली आणि एक पोळी खायला पाऊण तास लागू लागला. मला साडेसहाला केंद्रात आरतीच्या सेवेला निघायचं असायचं. एकदा मी तोडून बोलले, "आई, आटपा ना हो लवकर, मला अजून ओटा आवरायचाय." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून अर्धी पोळी झाली की पाण्याच्या घोटाबरोबर उरलेला घास ढकलायच्या आणि म्हणायच्या, "पुरे मला." आणि खरं सांगते, ओटा लवकर आवरतोय म्हणून मला बरंच वाटलं.

दोन महिन्यांनी त्यांच्या हातातली पाटली कोपरापर्यंत सरकायला लागली तेव्हा माझे डोळे उघडले. डॉक्टरांनी वजन केलं, कवळी बदलायला सांगितली आणि एकच विचारलं, "जेवताना यांच्याजवळ कोण बसतं?" मला उत्तर देता आलं नाही.

डॉक्टरांनीच मग समजावलं, की माणूस घाबरला, दडपणाखाली असला की लाळ कमी होते. म्हणूनच आपण "तोंडाला कोरड पडली" म्हणतो. म्हणजे केंद्रात मी देवापुढे नैवेद्य शांतपणे ठेवत होते, आणि घरच्या वैश्वानरापुढचं ताट माझ्याच शब्दांनी कोरडं करत होते. त्या रात्री मी गुरुमाउलींच्या फोटोसमोर खूप रडले. नंतर आईंच्या पाया पडले. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, तुला कामं असतात."

आता मी माझं ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसते. आरतीची सेवा दुसऱ्या ताईंनी आनंदाने घेतली आहे.

म्हणून या आठवड्याचा संकल्प करूया:

१. जेवणाचा श्लोक झाल्यावर पहिले पाच घास मौनात, नीट चावून घ्यायचे.
२. ताटावर मोबाईल नाही. लहानग्याला भरवतानाही नाही.
३. जेवणाऱ्याला रागावायचं नाही, घाई करायची नाही. मार्क, पैसे, सुनेच्या तक्रारी, सगळं हात धुतल्यावर.
४. घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर एक वेळ तरी बसून जेवायचं. त्यांना गिळताना ठसका लागत असेल, घास अडकत असेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

परवा आई म्हणाल्या, "आज पोळी गोड लागली गं." मी साखर घातली नव्हती. पीठ रोजचंच होतं.

हे चिंतन गुरुचरणी अर्पण. चूकभूल माझी, चांगलं ते माउलींचं.

आपली एक गुरुभगिनी, इंदूर
🙏 जय गुरुदेव 🙏