तारेवरची कापशी

या, इथे धुऱ्यावर बसू.

लोहाऱ्याची एमआयडीसी मागे राहिली आहे. दारव्हा रस्त्यावरून ट्रक जात आहेत. त्यांचा आवाज येतो आहे; येऊ द्या.

समोर वावर. काळी माती, तिला पडलेल्या भेगा. पऱ्हाटीवर वेचायचा राहिलेला कापूस. मध्ये तुरीचं तास, शेंगा भरत आलेल्या.

श्वास घ्या. सावकाश.

सोडा.

आता मान थोडी वर करा. विजेच्या दोन खांबांमधली तार बघा. मधोमध पांढरं काहीतरी बसलं आहे.

ती कापशी घार.

उठू नका. बोट दाखवू नका. नुसतं बघा.

कावळ्याहून लहान. वजन पाव किलोच्या आसपास. छाती-पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी. खांद्यावर काळा पट्टा. मिटलेले पंख इतके लांब की टोकं शेपटीपर्यंत पोचतात.

ती शेपूट हळूच वर उचलते. खाली आणते. पुन्हा उचलते.

तुम्हीही श्वास घ्या. तेवढ्याच सावकाश.

आता तिने मान वळवली. डोळा दिसला?

गुंजेसारखा. लाल, आणि त्याला लागून काळं. हा लाल रंग जन्मतः नसतो, वयाबरोबर चढतो. पिल्लाचा डोळा फिकट असतो, आणि डोक्यावर, छातीवर तांबूस झाक. ही पुरती वाढलेली आहे.

त्या डोळ्यापाशी थांबा. दुसरीकडे जायचं नाही.

थांबा.

गरुडाच्या गोष्टी सगळे सांगतात. हिच्या कुणी सांगत नाही. मला हीच जास्त आवडते, पण ते असू द्या.

तार हलली. ती उडाली.

वावराच्या मध्यावर येते आणि हवेतच थबकते. पंख वेगाने चालतात, पाय खाली लोंबतात, शेपूट पसरते, मिटते. ती पुढे जात नाही, मागेही नाही.

आता पंख सोडा. डोकं बघा.

डोकं हलत नाही.

वारा तिला ढकलतो आहे, अंग सावरतं आहे, पंखांना क्षणाचीही उसंत नाही. आणि डोकं एका जागी, जणू हवेत टेकवून ठेवलेलं. दोन्ही डोळे घुबडाप्रमाणे समोर रोखलेले. नजर खाली, पऱ्हाटीच्या बुडाशी.

पुन्हा बघा. फक्त डोकं.

तुमचा श्वास चालू आहे. छाती वर-खाली होते आहे. होऊ द्या. नजर तिथेच राहू द्या.

अशीच दुसरी एखादी, याच घटकेला, आफ्रिकेतल्या गवतावर थांबलेली असू शकते. स्पेन-पोर्तुगालपासून आफ्रिका, भारत आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत हिचा वावर आहे. ऑस्ट्रेलियात हिची वेगळी बहीण. तिसरी अमेरिकेत: कॅलिफोर्निया, टेक्सास, आणि खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत. तीही राखाडी-पांढरी, तिचाही डोळा लाल, तीही अशीच हवेत थबकून उंदीर शोधते. काही वर्षं तर तिला आणि हिला पक्षीतज्ज्ञांनी एकच जात धरलं होतं. मग पुन्हा वेगळं केलं.

वेगळेपण खालून दिसतं. हिच्या पंखांची टोकं खालून सगळी काळपट. अमेरिकेतलीच्या पंखाखाली, मनगटाच्या जागी, एक छोटा काळा डाग, आणि शेपूट जरा लांब.

या वावरातला कापूसही मूळचा मेक्सिकोकडच्या जातीचा. पीक समुद्र ओलांडून आलं. पक्षी आपापल्या मुलखात राहिले.

असो. ती अजून तिथेच आहे.

एक पायरी खाली उतरते. पुन्हा थबकते.

आणखी एक पायरी.

ऐका. ट्रक आहे. दूर मोटारपंप आहे. कापूस वेचणाऱ्या बाया बोलताहेत, शब्द कळत नाहीत. तिचा आवाज मात्र नाही.

पंख वर उचलले. पाय पुढे. ती सरळ खाली सुटते.

पऱ्हाटीत दिसेनाशी होते.

श्वास रोखला असेल तर सोडा.

वर आली. पाय रिकामे. पुन्हा त्याच उंचीवर जाते आणि डोकं पुन्हा तिथेच टेकवते. चुकल्याचं तिच्या अंगावर कुठेच दिसत नाही. आपण मात्र शोधतो.

शोधणं सोडा. डोकं बघा.

पुन्हा सुटली.

या वेळी पायात काहीतरी आहे. उंदीर असावा, लहानसा. ती तारेवर येते, एका पायाखाली तो दाबते.

फोटो काढावासा वाटेल. काढा, तारेवरचा एक पांढरा ठिपका येईल. मग फोन खिशात घाला आणि चोच बघा. काळी, बारीक, आकडेदार. तिने फाडायला सुरुवात केली आहे.