अर्ध्यात सोडून जाणारीसाठी

समजा, तुमच्या गावातल्या कम्युनिटी सेंटरने तुम्हाला गळ घातली, की इंग्लंडात नव्याने आलेल्या बायकांसाठी आठवड्यातून एकदा इंग्रजीचा वर्ग घ्या. (आपलं इंग्रजी 'बरं' असतं, त्यामुळे मराठी माणसाच्या वाट्याला हे काम येतंच.) तुम्ही साहित्य शोधायला बसता. पाहता तर दुष्काळ नाही, पूर आहे. कौन्सिल ऑफ युरोपची २००१ ची चौकट, ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांची. त्याच वर्षीचा इंग्लंडचा प्रौढांसाठीचा अभ्यासक्रम. शिवाय ब्रिटिश कौन्सिलचे फुकट धडे.

या साऱ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: शिकणारी शेवटपर्यंत येत राहील. प्रत्यक्षात कुणाची शिफ्ट बदलते, कुणाला दिवस जातात, कुणी घर बदलतं. चार-सहा आठवड्यांनी ती दिसेनाशी होते. मग तिच्या हाती काय उरलं?

हा प्रश्न ढाक्यात शिक्षणखात्यात असलेल्या मायकेल वेस्टने विचारला होता. १९२६ साली बंगालमधल्या द्वैभाषिकतेवर लिहिताना त्याने विम्यातला शब्द उचलला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर काय परत मिळतं, तेच. पुष्कळ मुलं शाळा अर्ध्यात सोडतात, तेव्हा आधी वाचायला शिकवा, असं त्याचं उत्तर होतं. थोडंसं वाचता आलं तरी ते कामी येतं. बोलण्याचं तसं नाही.

त्याचं उत्तर आपल्या वर्गाला लागू पडेलसं मला वाटत नाही. प्रश्न मात्र जसाच्या तसा लागू पडतो. माझ्या मते पहिल्या तासाचं वाक्य 'आय नीड ॲन इंटरप्रिटर' हे असावं. एनएचएसमध्ये दुभाषी मागता येतो, फुकट. पण मागावा लागतो. इंग्रजीच्या वर्गात पहिल्याच दिवशी इंग्रजी टाळायची सोय शिकवायची, हे विचित्र वाटेल खरं. पण ती पुन्हा आली नाही, तरी एवढं तिच्याजवळ राहतं. पुस्तकांत या जागी सहसा नाव, गाव आणि आवडता रंग असतो.

पुस्तकांबद्दल आणखी एक. ऑरबाक आणि बर्जेस या अमेरिकेतल्या दोघींनी १९८५ साली दाखवून दिलं होतं, की स्थलांतरितांसाठीची 'जगण्यापुरत्या इंग्रजी'ची पुस्तकं मुख्यतः हुकूम पाळायला शिकवतात. साहेबाची सूचना समजून घ्या, माफी मागा, आभार माना. पगार कमी का आला, हे विचारायचं वाक्य फारसं सापडत नाही.

इथे वेस्टचा प्रश्न बोचतो. कुणाला किती आणि कसलं इंग्रजी पुरे, हे त्याने बंगाली पोरांच्या वतीने ठरवलं. साहित्य निवडताना तुम्ही-आम्ही त्याच खुर्चीत बसतो. त्यातून सुटायचं तर तिलाच विचारायचं, जमल्यास तिच्या भाषेत. आणि ती म्हणाली, 'मला नीट व्याकरण शिकायचंय, शाळेत शिकवतात तसं', तर? मग व्याकरण. दुभाष्याचं वाक्य तेवढं मी पहिल्याच दिवशी शिकवीन, तिला न विचारता.