तिच्या शब्दावर विश्वास

दुसऱ्याची वेदना आपणांस दिसत नाही. भोगणाऱ्याचा शब्द तेवढा आपल्या हाती असतो. तो खरा मानण्यास आपण बांधील आहोत काय? एंडोमेट्रिओसिस या व्याधीपुढे हा प्रश्न टाळता येत नाही.

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी या व्याधीत गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर वा आतड्यावर वाढतात. तेथे दाह होतो, आतले अवयव एकमेकांस चिकटतात, पाळीचे दिवस असह्य होतात. कित्येकींना मूल होण्यासही अडचण येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के मुली व स्त्रिया यामुळे पीडित आहेत. तरीही निदानास वर्षानुवर्षे लागतात, कारण सोनोग्राफीत पुष्कळदा काहीच आढळत नाही. मग घरचे म्हणतात, "बाईच्या जातीला हे असायचंच." भोकरसारख्या तालुक्याच्या गावाहून नांदेड गाठायचे, तर आधी घरच्यांना ते दुखणे खरे वाटले पाहिजे.

न ऐकण्याचा दुसराही एक प्रकार आहे: पिशवीच काढून टाकणे. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. त्यांत ऊसतोड करणाऱ्या पुष्कळ होत्या. पाळीमुळे खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, हे त्या फडात कोणाला ठाऊक नाही? त्या साऱ्यांना हीच व्याधी होती असे नाही. पण दुखण्याचे कारण न शोधता अवयव काढणे म्हणजे तक्रार मिटवणे होय. शिवाय एंडोमेट्रिओसिसमध्ये बाहेर वाढलेल्या पेशी मागे राहिल्या, तर पिशवी गेल्यावरही वेदना राहू शकते.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील रक्तस्रावी स्त्री बारा वर्षे वैद्यांकडे फिरून सर्वस्व गमावून बसली होती. ती बरी झाल्यावरही प्रभू गर्दीत थांबला, आणि तिने सर्व हकीकत सांगेपर्यंत त्याने ऐकून घेतले. याईराची मुलगी मरणपंथाला असताना हा थांबा शिष्यांना उधळपट्टीच वाटला असेल!

आपल्या कुटुंबांत आणखी एक संकोच असतो. या व्याधीवर डॉक्टर पुष्कळदा संप्रेरकांच्या गोळ्या देतात. त्या संततिनियमनाच्या म्हणून भाविक स्त्रिया त्या घेण्यास कचरतात. पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या 'ह्युमाने व्हिते' या परिपत्रकातील पंधरावा परिच्छेद याविषयी स्पष्ट आहे: रोग बरा करण्यासाठी आवश्यक असलेला उपचार, गर्भधारणेस अडथळा हा त्याचा हेतू नसेल तर, निषिद्ध नाही. तेव्हा ती गोळी निःशंक मनाने घ्यावी. सासूने कुजबुजू नये. पतीने दवाखान्याच्या बाकावर बाहेर न बसता तिच्याबरोबर आत जावे, आणि कोणत्या तारखेस किती दुखले हे लिहिलेली वही डॉक्टरांपुढे ठेवावी.