पुसता न येणारे नाव

ज्यू धर्मशास्त्रात ईश्वराचे नाव लिहिणे हे जोखमीचे काम आहे. तोरा या मूळ धर्मग्रंथाची पोथी हाताने उतरवणारा सोफेर नाव येताच थांबतो, ते आपण त्याच्या पावित्र्यासाठी लिहीत आहोत असे उच्चारतो आणि मगच लेखणी टेकवतो. एरवी शब्द चुकला तर चामड्यावरची शाई खरवडता येते. नाव भलत्या जागी पडले तर ती सोय नाही, सहसा ते सबंध पानच काढून पुरावे लागते. अशी न पुसण्याजोगी नावे तालमूद या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, ग्रंथाने सांगितली. बाराव्या शतकात मैमोनिदेस या धर्मशास्त्रज्ञाने नियम आणखी बारीक नोंदवले: नावाआधी जोडलेले अक्षर पुसता येते, नंतर जोडलेले नाही.

ही तर अक्षरपूजाच झाली, मूर्ती नाकारून शाईची मूर्ती केली, असे कोणीही म्हणेल. पण हा आक्षेप मैमोनिदेसच्याच दुसऱ्या नियमापाशी अडतो. पाखंडी ज्यूने लिहिलेली तोरा, आतल्या नावांसकट, जाळून टाकावी, असे तो सांगतो. कारण लिहिणाऱ्याचा नावाच्या पावित्र्यावर विश्वासच नव्हता. अक्षरे तीच, शाई तीच, तरी पावित्र्य नाही. म्हणजे ते लिहिणाऱ्याच्या हेतूतून येते. शिवाय तोरातल्याच गणनेच्या पुस्तकात, नवऱ्याने संशय घेतलेल्या बायकोच्या विधीत, शापाचा मजकूर नावासह पाण्यात धुवायला सांगितला आहे. (विधी त्या बाईला अपमानास्पदच होता, हेही खरे.) रब्बींनी नाव धुण्याचा अर्थ असा लावला, की नवराबायकोत सलोखा व्हावा म्हणून देव आपले नावही पुसू देतो.

मग एवढी काळजी कशासाठी? माझ्या मते नावाला माणसाच्या सोयीपासून वाचवण्यासाठी. ग्रीक सत्तेने देवाचे नाव घ्यायला बंदी केली होती. हस्मोनी हे ज्यू घराणे तिच्याविरुद्ध जिंकल्यावर करारपत्रांतसुद्धा ते लिहायची रीत पडली. हेतू भक्तीचाच. तरीही रब्बींनी ती मोडली, कारण उद्या कर्ज फिटेल आणि नाव लिहिलेला रोखा उकिरड्यावर पडेल. रीत बंद झाली तो दिवस त्यांनी सण मानला, असे तालमूद सांगते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: त्यांतले मुख्य नाव इतके जपले, की त्याचा उच्चारच हरवला. जेरुसलेमचे मंदिर उभे असताना योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक ते उच्चारी आणि लोक लोटांगण घालत. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडले. आज त्याऐवजी प्रार्थनेत ‘अदोनाय’ (प्रभू) म्हणतात, बोलण्यात ‘हाशेम’ (ते नाव). नुकसान झाले, हे मान्यच करावे लागेल. पण ‘हाशेम’ दिवसातून दहादा सहज तोंडी येते. देवाशी बोलणे थांबले नाही, त्याचे नाव वापरून घेणे तेवढे अवघड झाले.

या दक्षतेचा एक परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. नाव असलेला कागद टाकायचा नाही, म्हणून कैरोजवळच्या फुस्तात येथील बेन एझ्रा सिनेगॉगच्या कोठडीत शतकानुशतके कागद साचत गेले, नाव नसलेलेही. 1896-97 मध्ये सॉलोमन शेख्टर या अभ्यासकाने त्यांतले सुमारे 1,93,000 तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत पोथ्या होत्याच, पण मंगळूरला राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रे होती, हिशेब होते, आणि ज्यांतून रब्बींनी नाव मुद्दाम काढून टाकले होते, तसे कर्जरोखेही होते.