नामानिराळे

मराठीत 'नामानिराळा' हा एक नामी शब्द आहे. सगळ्या उठाठेवीत असून दोषाच्या वेळी कुठेच नसणारा, तो नामानिराळा. इंग्रजीला यासाठी शब्द मिळाला तो एका तव्यावरून. १९८३ साली अमेरिकेतील एक लोकप्रतिनिधी, पॅट्रिशिया श्रोडरबाई, मुलांसाठी अंडी करीत होत्या. तवा टेफ्लॉनचा, अंडे त्याला चिकटेना. बाईंच्या मनात आले, आपले अध्यक्ष रेगन असेच आहेत! कारभारात काहीही बिघडो, त्यांना काही चिकटत नाही. झाले! 'टेफ्लॉन' ही पदवी रूढ झाली. पुढे न्यूयॉर्कच्या जॉन गॉटी या गुंडालाही ती मिळाली. १९९२ साली न्यायालयाने मात्र ती काढून घेतली.

उपमाच हवी तर आपल्याकडेही आहे. गीतेतल्या कमळाच्या पानाला पाणी लागत नाही. परंतु ते पान आसक्ती सोडून कर्म करणाऱ्याचे. टेफ्लॉनवाला कर्माचे फळ घट्ट धरून ठेवतो. सोडतो तो फक्त दोष.

आणि हा सुटलेला दोष जातो कुठे? उत्तर टेफ्लॉननेच दिले आहे. १९३८ साली रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला ते योगायोगाने सापडले. पुढे त्याचे तवे झाले आणि घासण्याचे कष्ट वाचले. पण टेफ्लॉन बनविताना ड्यूपॉन्टच्या कारखान्यात पीएफओए नावाचे द्रव्य वापरीत. ते वेस्ट व्हर्जिनियात ओहायो नदीत उतरले, पिण्याच्या पाण्यातून माणसांच्या रक्तात गेले आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिले. २०१७ साली साडेतीन हजारांवर दावे सुमारे ६७ कोटी डॉलर देऊन मिटविण्यात आले. चूक मात्र कबूल केली नाही!

तव्याला जे चिकटत नाही, ते नाहीसे होत नाही. दुसऱ्या कुणाला तरी चिकटते. आपले पूर्वज हे जाणून होते. म्हणून ते म्हणत, खापर फोडायला कुणाचे तरी डोके लागतेच.

वर्गात काच फुटते, तेव्हा मी हेच पाहतो. गोड बोलणारा मुलगा हळूच बाजूला सरकतो आणि सगळ्यांच्या नजरा मागच्या बाकाकडे वळतात. अशा वेळी एखादा उठून म्हणतो, "गुरुजी, माझ्या हातून फुटली." लोखंडी तव्यासारखा असतो तो. त्याला डाग पडतो, घासावे लागते. परंतु त्याच्या त्या एका वाक्याने दुसऱ्या कुणाचे तरी डोके वाचलेले असते.